दापुऱ्याचे कास्तकार श्रीगाडगेमहाराज

श्रीगाडगेमहाराजांचे नाव निघाले की हातातील खराटा, अंगावरील चिंध्या आणि डोक्यावरील मातीचे गाडगे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. जणू काय त्यांचे चरित्र त्या वेषापासूनच सुरू झाले असे आपणांस वाटते. परंतु हा वेष त्यांनी अंगीकारला तेव्हा त्यांच्या वयाची एकोणतीस वर्षे होत आली होती. तत्पूर्वीची सुमारे वीस वर्षे त्यांनी वऱ्हाडातील दापुरे या लहानशा गावी गुरे राखण्यात व शेती करण्यात घालविली. ते गुराखी होते, नांगर्‍या होते, बैलांची उत्तम पारख असलेले कास्तकार होते. महाराजांविषयी लिहिताना ही वर्षे चार ओळींत उरकण्याची चाल आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडेच अधिक पाहण्याचे योजिले आहे. कारण पुढे लोकांसाठी त्यांनी जे कष्ट उपसले, ते कसे उपसावयाचे हे ते दापुऱ्याच्या शिवारातच शिकले होते.

अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट समाजातील एका कुटुंबात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी महाशिवरात्रीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव झिंगराजी जानोरकर व आईचे सखूबाई. मुलाचे नाव डेबूजी ठेविले होते. घरात त्यास डेबू म्हणत. देवाच्या नावाने बकरे कापावे, सगेसोयरे बोलवावे आणि जेवणाबरोबर दारू पाजावी, अशी चाल त्या काळी अनेक घरांतून होती. झिंगराजींना या चालीतूनच व्यसन जडले व त्या व्यसनापायी घरची भाकरीही तुटली. १८८४ साली ते वारले. आठ वर्षांच्या डेबूला घेऊन सखूबाई आपल्या माहेरी, दापुऱ्यास, वडील हंबीरराव व बंधू चंद्रभानजी यांच्या आश्रयास आल्या.

दापुरे हे मूर्तिजापूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी वसलेले आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमीन काळी, खोल व कसदार. पण विहिरीस पाणी लागले तरी ते मचूळ लागावयाचे. त्यामुळे विहिरीच्या बागायतीचा आधार नाही. सारी भिस्त पावसावर. ज्वारी, तूर आणि पऱ्हाटी ही तेथील पिके. मृगाचा पाऊस पडल्यावर तिफण चालवावी, पुढे डवऱ्याने तण काढावे, आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचावयास लागावे, असे तेथील वर्ष. अशा मुलखात बैलजोडी हेच कास्तकाराचे बळ. ती खचली की घर खचले.

डेबूच्या वाट्यास प्रथम गुरे आली. पहाटे उठून गोठा झाडावा, शेण काढावे, गव्हाणी साफ कराव्या, मग गुरे सोडून नदीकडे न्यावी, हा त्याचा नेम होता. त्याच्या ताब्यातील जनावरे इतकी स्वच्छ असत की दुसऱ्याच्या गोठ्यातील माणसे ती पाहावयास येत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पूर्णेत बैल धुता धुता तो पट्टीचा पोहणारा झाला. ज्या खराट्यामुळे पुढे सारा महाराष्ट्र त्यांस ओळखू लागला, तो खराटा असा प्रथम मामाच्या गोठ्यात त्यांच्या हाती आला. दुपारी गुरे सावलीस बसली म्हणजे सर्व जातींच्या गुराखी पोरांनी आपापली शिदोरी सोडावी व एकत्र बसून खावी, अशी रीत या डेबूने पाडली होती. रात्री हीच मंडळी भजनास जमे. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पण ऐकलेला अभंग त्याच्या कायमचा ध्यानात राही.

वयात आल्यावर त्याच्या हाती नांगर आला. येथे त्या काळाची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ साली हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. पुढे १८६७ साली मुंबईकडून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोहोचला. मूर्तिजापूर हे त्याच मार्गावरील स्थानक. कापूस गाडीत भरून परदेशी जाऊ लागला, हाती रोख पैसा खेळू लागला, आणि पैशाच्या पाठोपाठ सावकाराचे कागदही गावोगाव पोहोचले. पीक बुडाले की कर्ज, पीक आले की व्याज. कास्तकाराला अक्षराची ओळख नाही. कागदावर काय लिहिले आहे हे सावकारासच ठाऊक. खाली उठतो तो मात्र कास्तकाराचा अंगठा.

चंद्रभानजी हे असेच सरळ मनाचे गृहस्थ होते. भरवशाच्या सावकाराच्या सल्ल्याने त्यांनी आणखी एक शेत घेतले व त्याचा पैसा ते दरसाल आपल्या पिकातून भागवीत गेले. पावती मागावी हे त्यांच्या मनातही आले नाही. काही वर्षांनी हिशेब निघाला तेव्हा जे भरले त्याची नोंद कोठेच नव्हती, आणि देणे मात्र इतके फुगले होते की घरची वडिलार्जित जमीनही त्यात बुडाली. हा घाव चंद्रभानजींना सोसला नाही. त्यांनी अंथरूण धरले व त्यातच ते गेले. ज्या शेतात डेबूने घाम गाळला होता, ते आता दुसऱ्याचे झाले.

पुढील प्रसंग त्या भागात आजही सांगितला जातो. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा डेबूजी स्वतःच त्या शेतात नांगर धरून उभा होता. त्याने हातात काठी घेतली व त्या सर्वांना बांधाबाहेर घालविले. सावकाराचा असा अपमान त्या पंचक्रोशीत पूर्वी कोणी केला नव्हता. पुढे फिर्याद, पोलीस असे सर्व होईल म्हणून घरची माणसे भयभीत झाली. पण अखेरीस सावकारानेच नमते घेतले व जमिनीचा काही भाग त्या घरास परत मिळाला. जे मामाला साधले नाही ते भाच्याने मनगटाच्या जोरावर साधले, असे गावाने म्हटले. डेबूजीने मात्र यातून वेगळाच बोध घेतला असावा. काठीने एक शेत सुटले. पण अंगठा उठविणारी घरे दर गावी होती, आणि एक माणूस किती बांधांवर काठी घेऊन उभा राहणार?

१८९२ साली डेबूजीचा विवाह कमालपूरच्या धनाजी परीट यांची कन्या कुंताबाई हिच्याशी झाला. पहिली मुलगी झाली, तिचे नाव आलोका. बारशाला रीतीप्रमाणे भावकी जमली, आणि रीतीप्रमाणे बकरे व दारू यांची वाट पाहू लागली. डेबूजीने पानांत बुंदीचे लाडू वाढले. पंक्तीत कुजबुज झाली, काही वडीलधारी मंडळी रागावली, जातीबाहेर टाकण्याचीही भाषा झाली. पण वाढणारा जागचा हलला नाही. बापाचे घर कोणत्या वाटेने गेले हे त्याला कोणी पुन्हा सांगावयास नको होते. शेवटी लोक जेवले. वाचकांस हा प्रसंग किरकोळ वाटेल. तथापि परक्या सावकारापुढे उभे राहण्यापेक्षा स्वतःच्या भावकीपुढे उभे राहणे पुष्कळ कठीण असते, हे ज्याच्या घरी कार्य झाले आहे त्यास ठाऊक आहे.

याप्रमाणे घरात पत्नी, मुले, आई, शेतात पीक, गावात मान. अशा स्थितीत १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घराबाहेर पडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी, आणि पुढे भिक्षेस व पाणी पिण्यास उपयोगी पडणारे मातीचे फुटके गाडगे. त्यांनी कोणाचा गुरूपदेश घेतला नव्हता, भगवी वस्त्रे घेतली नव्हती, मठाची वाट धरली नव्हती. मागे राहिलेल्या आईचे व पत्नीचे दुःख काय असेल याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही, आणि कोणत्याही गौरवाने ते दुःख लहान होत नाही. कुंताबाईंनी मुले वाढविली, ही गोष्ट महाराजांच्या चरित्रातून गाळता येणार नाही.

यापुढची सुमारे बारा वर्षे भ्रमंतीची आहेत. या भ्रमंतीतही कास्तकार सुटला नाही. वाटेने जाताना कोठे चढावर गाडी रुतली असली तर चाकाला खांदा लावावा. कोठे कापणीला माणूस कमी असले तर विळा घेऊन ओळीत उभे राहावे. दुपार झाली की शेतधन्याने दिलेली भाकरी गाडग्यात घ्यावी आणि मजुरीचे नाव निघण्यापूर्वी चालू लागावे. पुष्कळांनी त्यांना वेडा समजून हाकलले. गावात शिरल्यावर प्रथम खराटा हाती घेऊन रस्ते व गटारे झाडावयास लागावे, सायंकाळी त्याच जागी कीर्तनास उभे राहावे, हा क्रम याच काळात बसला. कोणी त्यांस गाडगेबाबा म्हणे, कोणी गोधडेबुवा. डेबूजी हे नाव हळूहळू मागे पडले.

पूर्णेच्याच काठी, अमरावती जिल्ह्यात, ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे मुद्गलेश्वराचे देऊळ असून पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. तेथील स्नानाने मनुष्य ऋणातून मुक्त होतो अशी श्रद्धा आहे, आणि क्षेत्राचे नावही त्यावरूनच पडले आहे. कर्जात ज्याचा मामा गेला तो मनुष्य या यात्रेस आला तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, हे आपण सांगू शकत नाही. त्याने केले काय ते मात्र सर्वांना ठाऊक आहे. नदीचा काठ काळ्या चिकण मातीचा. स्नानास उतरणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, लेकुरवाळ्या बायांचे पाय घसरत. महाराजांनी फावडे घेतले व मातीत पायऱ्या पाडण्यास आरंभ केला. एकाचे पाहून दुसरा आला, दुसऱ्याचे पाहून दहा आले. १९०८ साली तेथे घाट उभा राहिला. लोकांच्या उपयोगासाठी त्यांनी उभारलेल्या कामांपैकी हे पहिल्या कामांतील एक होय. यात्रेत जमणाऱ्या आंधळ्यापांगळ्यांना व महारोग्यांना जेवू घालण्याचा प्रघातही त्यांनी तेथे पाडला.

मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभारले आणि धर्मशाळा व विद्यालय बांधले. १९२५ हे त्याचे वर्ष सांगतात. गोरक्षणाविषयी त्या काळी व्याख्याने पुष्कळ होत. महाराजांची दृष्टी गुराख्याची होती. जनावर घोषणेने जगत नाही. त्याला कडबा लागतो, पाणी लागते, पायाखाली कोरडी जमीन लागते. देवापुढे जनावर मारू नये म्हणून ते आयुष्यभर सांगत फिरले, आणि अनेक यात्रांतून त्यांच्या कीर्तनानंतर हे बळी बंद पडले. आपल्या घरच्या माणसांना मात्र त्यांनी या इमारतींचा आश्रय दिला नाही. धर्मशाळेसाठी लोकांनी लाखो रुपये दिले, आणि कुंताबाई मूर्तिजापुरास झोपडीत राहत. लोकांचा पैसा तो लोकांचाच, त्यातील पैलाही स्वतःच्या घरात येता कामा नये, इतका कडक हिशेब त्यांनी ठेविला होता. ज्या घराला बेहिशेबी कागदाने बुडविले त्या घरचा हा मनुष्य, हे येथे आठवावे.

आता पंढरपूरविषयी. आपल्यापैकी जी कुटुंबे आषाढी-कार्तिकीस जातात त्यांना नामदेवाची पायरी व तिच्यासमोरील चोखोबांची समाधी परिचित आहे. चोखोबा महार होते. त्यांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांच्यामागे सहा शतके उलटली तरी त्यांच्या समाजाच्या वारकऱ्यांना तो नव्हताच, आणि इतरांच्या धर्मशाळांतूनही त्यांना जागा मिळत नसे. भर पावसात वाळवंटात रात्र काढावी व कळसाचे दर्शन घेऊन परत फिरावे, ही त्यांची वारी. महाराजांनी या लोकांसाठी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. १९१७ हे तिचे वर्ष सांगतात. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाच्या देवळाची दारे सर्वांना उघडली ती १९४७ च्या मे महिन्यात. म्हणजे महाराजांचे दार तीस वर्षे आधी उघडले होते. पुढे १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. महाराज स्वतः पंढरीस वारंवार जात, वाळवंट झाडीत, रात्री कीर्तन करीत. पण दर्शनासाठी देवळात जात नसत, असे सांगतात.

हे वाक्य देवस्थानाच्या पत्रिकेत लिहिताना लेखणी थोडी अडखळते हे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेखक पुजाऱ्याच्या घरी जन्मला आहे व देवापुढील तबकावरच त्याच्या घरची चूल चालली आहे. महाराज आपल्या कीर्तनातून नवस, बळी, कर्ज काढून केलेली तीर्थयात्रा व श्राद्धाच्या पंक्ती यांवर जे कोरडे ओढीत, त्यांतील काही आमच्याही पाठीवर पडतात. लहानपणी मला त्याचा राग येत असे. माझ्या वडिलांना तो कधी आला नाही. ते पहाटे स्वतः गाभारा धुतात व सभामंडप झाडतात, आणि महाराजांचे नाव घरात आदराने घेतात. उत्सवाच्या समाराधनेनंतर मागील अंगणात पडलेल्या पत्रावळी मात्र अनेक वर्षे एक मोलकरीणच एकटी उचलीत असे, व आम्ही तरुण मंडळी ओसरीवर गप्पा मारीत बसत असू. या चरित्राची टिपणे काढताना ते दृश्य मला सारखे आठवत होते. गेल्या उत्सवात आम्ही चौघांनी पत्रावळी उचलल्या. पाचवा मिळाला नाही.

महाराजांचे कीर्तन हे कीर्तनकारांच्या पठडीतले नव्हते. मागे मोठा साज नाही, संस्कृत श्लोक नाही. गोपाळाच्या नामाचा गजर, तुकोबांचे अभंग, आणि मधून मधून श्रोत्यांना विचारलेले प्रश्न, वऱ्हाडी बोलीत. घरी कर्ज किती, कागद वाचता येतो काय, पोर शाळेत जाते की नाही, असे ते विचारीत, आणि हजारोंच्या सभेतून उत्तर उमटे. जेवावयाचे ताट विकावे लागले तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खावी, पण मुलास शिकवावे, हे सांगितल्यावाचून त्यांचे कीर्तन सहसा संपत नसे. अक्षरशत्रू राहिल्याने काय होते ते त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यावर त्यांचे फार प्रेम होते, आणि १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरु गाडगे महाराजांचेच नाव दिले. वऱ्हाडातील अमरावती विद्यापीठालाही २००५ पासून त्यांचे नाव आहे. मूर्तिजापूर तालुका ज्या अकोला जिल्ह्यात आहे तो जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो; तेव्हा दापुऱ्याच्या शेतकऱ्याचे पोर पदवीधर झाले तर त्याच्या प्रमाणपत्रावर त्या गावच्या एका निरक्षर गुराख्याचे नाव असते.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा वारला. महाराज परगावी कीर्तनात होते. बातमी तेथे पोहोचली; त्यांनी ती ऐकली व कीर्तन पुढे चालू ठेविले. हा प्रसंग वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला त्यात पेरणीच्या दिवसांतील शेतकरी दिसतो. घरात मृत्यू झाला तरी वाफसा थांबत नाही, आणि डोळे पुसून त्यास तिफण धरावीच लागते.

नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर अशा क्षेत्रांतून धर्मशाळा झाल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या खेड्यापाड्यांतील रोग्यांच्या नातलगांसाठी १९५४ साली धर्मशाळा झाली. रोग्यास खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेली बायको रस्त्यावर रात्र काढते, ही गोष्ट पुष्कळांनी पाहिली होती. महाराजांनी तिच्यावर छप्पर घातले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या सर्व संस्थांच्या व्यवस्थेसाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. पाया पडू देणे त्यांना अखेरपर्यंत मानवले नाही. कोणी वाकला की काठी उगारून ते दूर सरत, आणि शिष्य त्यांनी केला नाही.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे शेवटचे मोठे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले आहे. देह थकला होता, मधुमेहाने पोखरला होता. तरी आवाजात सारा वऱ्हाड होता. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांस अतिशय दुःख झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास, उपचारासाठी अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचे प्राण गेले. बरोबरच्या मंडळींनी त्यांना तसेच अमरावतीस नेले. तेथे त्यांची समाधी आहे, व त्या वस्तीस आता गाडगेनगर म्हणतात. पेढी पुढे पूर्णेस मिळते.